वाचक विचारतात: घसा दुखतोय, पण खोकला आहे का?

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा. सोमवारी शाळेतून आला तोच घसा दुखतोय म्हणत, रात्री ताप १०२, पोटात दुखतं म्हणून रडला आणि एक उलटी पण झाली. सर्दी खोकला काहीच नाही. सासूबाई म्हणतात रविवारी मस्तानी प्यायला त्याचे हे प्रताप. पालकांच्या ग्रुपवर मात्र वर्गातल्या दोघांना स्ट्रेप थ्रोट निघाल्याचं आलंय. घरी ओळखता येतं का?
– एक आई, सिंहगड रोड

ताई, हे छापून येईस्तोवर पोरगं परत मैदानात पळत असेल अशी आशा आहे, पण तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात ना, "सर्दी खोकला काहीच नाही", तेच सगळ्यात कामाचं आहे. बहुतेक घसेदुखी व्हायरसची असते आणि व्हायरस एकटा येत नाही, नाक गळतं, शिंका, खोकला, आवाज बसतो, कधी डोळे लाल होतात, तोंड येतं. स्ट्रेप म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जिवाणू, त्यातला 'ए' गट, त्याला हा लवाजमा नसतो. सकाळी धडधाकट असलेलं मूल संध्याकाळी थुंकी गिळायला पण तयार नाही, असा तो अचानक येतो. ताप, डोकेदुखी, आणि लहान मुलांत पोटदुखी-उलटी, ज्यामुळे आईबाप घसा सोडून पोटाच्या मागे लागतात. मुख्यतः ५ ते १५ वयातला हा आजार, तीन वर्षांखाली क्वचित. म्हणजे तुमच्या मुलाचं वय, एकदम आलेला ताप, खोकला नसणं, वर्गात दोन केसेस, संशय घ्यायला एवढं पुरे.

बघायचं असेल तर त्याला खिडकीपाशी उभं करा, स्टीलच्या चमच्याचा दांडा जिभेवर हलकेच दाबा (फार मागे नको, परत उलटी होईल) आणि मोबाईलच्या टॉर्चने आत बघा. दोन्ही बाजूंचे टॉन्सिल लालबुंद सुजलेले, त्यावर पांढरे-पिवळे ठिपके किंवा पट्टे, आणि वर पडजिभेच्या आसपास टाळूवर बारीक लाल टिपके दिसतायत का. मग जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या पुढच्या बाजूला बोटांनी चाचपा, गाठी सुजल्यात का आणि दाबल्यावर तो "आई गं" करतो का. शर्ट काढून छाती-पोटावर हात फिरवा, कारण स्ट्रेपमध्ये कधी पुरळ येतं आणि आपल्या सावळ्या कातडीवर त्याचा लाल रंग चटकन दिसत नाही, हाताला खरखर मात्र लगेच कळते.

आता एवढं सगळं दिसलं तरी घरच्या घरी निकाल लावू नका. पांढरे ठिपके व्हायरसमध्येही येतात. डॉक्टर मंडळींकडे १९८१ पासून सेंटॉर स्कोअर म्हणून एक हिशोब आहे, ताप, टॉन्सिलवर पू, मानेच्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं, प्रत्येकी एक मार्क (वयाचा मार्क नंतर १९९८ मध्ये आला). चारपैकी चार पडले तरी स्ट्रेप निघायची शक्यता साधारण निम्मीच. त्यामुळे घशाचा स्वॅब हाच खरा रस्ता. रॅपिड टेस्टचं उत्तर दहा-पंधरा मिनिटांत मिळतं पण ती सगळ्या दवाखान्यांत नसते, कल्चरला, म्हणजे स्वॅबमधले जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघायला, एक-दोन दिवस जातात. स्वॅब अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्या, नंतर दिलात तर रिपोर्टवर भरवसा राहत नाही. आणि कोणी एएसओ नावाची रक्ताची तपासणी (स्ट्रेपविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची) सुचवली तर एवढं विचारा की आजच्या घशाचं त्यातून काय कळणार, कारण तो आकडा इन्फेक्शननंतर एक-दोन आठवड्यांनी चढायला लागतो, आणि मागच्या इन्फेक्शनमुळे वाढलेला पण असू शकतो. आपल्याकडे ही टेस्ट उगाच फार होते.

मस्तानीचं म्हणाल तर सासूबाईंना जरा जपूनच सांगा, पण थंड खाल्ल्याने स्ट्रेप होत नाही. तो खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून, उष्ट्या बाटलीतून, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो आणि लक्षणं दिसायला २ ते ५ दिवस घेतो, म्हणजे रविवारची मस्तानी नि सोमवारचा ताप हे तसंही जुळत नाही. उलट काही गिळवत नसेल तेव्हा गार दूध किंवा आइस्क्रीम बरं वाटतं. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको.

तोंडातून लाळ गळतेय, तोंड उघडत नाही, आवाज घोगरा नसून तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा येतोय, एकाच बाजूला मोठी सूज आहे किंवा श्वासाला त्रास होतोय, असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. घशात राखाडी पापुद्रा दिसला तरीही तेच, तो घटसर्प असू शकतो, विशेषतः लसी राहिल्या असतील तर.

प्रश्न: ढोल पथकात आहे, वय २४. सराव सुरू झाल्यापासून घसा बसलाय, थोडा खोकला, नाक चोंदलंय, ताप नाही. मेडिकलवाल्याने अझिथ्रोच्या (अझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक) तीन गोळ्या दिल्या, दोन घेतल्या, आता बरं वाटतंय. तिसरी घेऊ का? हा स्ट्रेप थ्रोट असेल का?
– एक वादक, कोथरूड

मित्रा, आवाज बसलाय, खोकला आहे, नाक चोंदलंय आणि ताप नाही, म्हणजे वर ताईंना जे लिहिलं त्याच्या बरोबर उलटं चित्र. मोठ्या माणसांत शंभर घसेदुखींमागे ५ ते १५ स्ट्रेपच्या निघतात, मुलांत २० ते ३०. तुझं हे नदीकाठची धूळ, ढोलांच्या वर आवाज काढून ओरडणं आणि सोबतीला एखादा व्हायरस असंच दिसतंय, आणि ते गोळ्या न घेताही उतरलं असतं. तिसऱ्या गोळीचं तुझ्या डॉक्टरांना विचार, मेडिकलवाल्याला नको. त्याने चिठ्ठीशिवाय ती द्यायलाच नको होती. आणि समजा खरंच स्ट्रेप असता तरी पहिली पसंती पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन असते, या जिवाणूत पेनिसिलिनला दाद न देणारा प्रकार रुग्णांमध्ये आजवर सापडलेला नाही, अझिथ्रोला दाद न देणारे मात्र सापडतात. अझिथ्रो ही पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठीची सोय आहे. गरम पाणी पी, चार दिवस ओरडू नकोस, मिरवणूक अजून लांब आहे. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसावाल्यांना दाखव.

प्रश्न: नातीला स्वॅबमध्ये स्ट्रेप निघाला. दोन दिवसांत ताप गेला, खेळायला लागली, तरी डॉक्टर दहा दिवस औषध द्या म्हणतात. एवढी अँटिबायोटिक कशाला? आणि शाळेत कधी पाठवू?
– एक आजोबा, सहकारनगर

काका, घशाचा स्ट्रेप औषध न देताही आठवड्याभरात उतरतो, खरी भानगड त्यानंतरची. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना रुमॅटिक फीव्हर येतो, आज गुडघा, परवा घोटा असे सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. आपल्या देशात झडपेची ऑपरेशनं झालेली तरुण माणसं आजही दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ लहानपणीच्या अशा घशात असतं. लक्षणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध चालू केलं तर हे टाळता येतं, म्हणूनच कल्चरसाठी एक-दोन दिवस थांबलं तरी बिघडत नाही. पण चालू केलं की दहाचे दहा दिवस, ताप गेला म्हणून बाटली फ्रीजमध्ये मागे सरकवायची नाही.

किडनीचं एक वेगळं आहे, स्ट्रेपनंतर कधी तिला सूज येते, ते औषधाने टळेलच असं नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली किंवा सकाळी चेहरा सुजलेला दिसला तर लगेच दाखवा.

शाळेत, औषध सुरू होऊन २४ तास झाले आणि ताप नसेल तर खुशाल पाठवा. घरातल्या बाकीच्यांचे स्वॅब नकोत, कुणाचा घसा दुखायला लागला तरच बघू. कोर्स संपल्यावर नातीचा परत स्वॅब करायची पण सहसा गरज नाही, काही मुलांच्या घशात हे जिवाणू नुसतेच बसून असतात आणि तो रिपोर्ट बघून घरचे विनाकारण घाबरतात.