तुरीतला वाघ आणि काळा बदाम

"म्याडम, जे नाई ते दिसते मले. डोकं तर नाई ना फिरलं?"

मनाच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावांतून हा प्रश्न माझ्यापर्यंत सारखा येत असतो. प्रत्येकाचं रूप वेगळं. म्हातारीला वारलेल्या नवऱ्याचा खोकला ऐकू येतो. बारावीच्या पोराला खिशात मोबाइल थरथरतो आणि मोबाइल घरी चार्जिंगला असतो. बाळ गाढ झोपलेलं असताना बाळंतीण दचकून उठते, तिला रडणं ऐकू आलेलं असतं. तूर भरायच्या दिवसांत रात्री पीक राखणारे जागलीवाले येतात. त्यांना वाघ दिसतो.

अशा एका जागलीवाल्याबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.

चाळिशीचा माणूस, वावर जंगलाला लागून. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, पीक ठेवत नाहीत म्हणून रात्री जागल, शिवाय हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्रीची लाईन. टिपेश्वरचं अभयारण्य या भागाला जवळ. 2 नोव्हेंबर 2018 ला टी-1 वाघिणीला गोळी घातली गेली, तोवर राळेगाव-पांढरकवड्याकडची माणसं अंधार पडायच्या आत घर गाठत होती. 13 माणसांचे बळी तिच्या नावावर सांगतात. म्हणजे याची भीती हवेतली नव्हती, हे आधी कबूल करायला हवं. वाघ दिसतो म्हणणाऱ्याला "काही नसतं रे तिथं" असं सांगणाऱ्यानं एक रात्र धुऱ्यावर काढून पाहावी.

सोबत बायको होती. "सासू म्हणते ह्यायले बाहेरचं झालं," ती म्हणाली. धागा बांधून झाला होता. डोळे तपासून झाले होते. नंबर नाही, मोतीबिंदू नाही. तेच ऐकून तो जास्त घाबरला होता. डोळे चांगले, मग बिघडलं ते डोकंच.

मी म्हटलं, "भाऊ, वाघ होता का नव्हता ते राहू द्या. काय काय दिसलं तेवढं सांगा."

"तुरीत बसला होता. पट्टे दिसले. कान दिसले."

"शेपटी?"

"नाई."

"पाय?"

"तुरीत कायचे पाय दिसते!"

"तोंड?"

तो थांबला. बायकोकडे पाहिलं. "तोंड... असनच नं. वाघ आहे तं तोंड असनच."

बऱ्याच बैठकांमध्ये मी फक्त एवढंच केलं. मिळालं किती आणि घातलं किती, याचा हिशेब त्याच्याकडूनच मांडून घेतला. मी स्वतः "भ्रम", "भास" हे शब्द तोंडातून काढत नाही. त्याला दिसलं हे खरंच होतं. दिसणं म्हणजे काय, एवढाच प्रश्न होता.

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं म्हणून ठेवलंय की आपलं पाहणं म्हणजे नकळत काढलेलं अनुमान. मी मनापासून त्याच वळणाची आहे. डोळ्यात येतो तो नुसता उजेड, तोही तुकड्यातुकड्यांनी. मन हे अर्धा निरोप ऐकून पुरी हकीकत सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखं आहे, आणि बहुतेक वेळा त्याची हकीकत बरोबर निघते, म्हणूनच आपला त्याच्यावर एवढा विश्वास. पण हे सगळं त्याला सांगून काय उपयोग? त्यानं मान हलवली असती आणि रात्री पुन्हा वाघ पाहिला असता.

तो पत्ते खेळतो हे बोलता बोलता कळलं होतं. बदाम सत्ती. मग पुढच्या वेळी मी जोड घेऊन बसले. एकेक पत्ता पटकन दाखवायचा, लगेच पालथा घालायचा, त्यानं नाव सांगायचं. चौकट नव्वी. किलवर राजा. मधेच एक पत्ता आला आणि तो अडखळलासुद्धा नाही. "इस्पिक सत्ती."

"परत पाहा."

"इस्पिक सत्ती म्याडम. कितीदा सांगू?"

तिसऱ्यांदा पत्ता त्याच्या हातात दिला. त्यानं तो जवळ धरला, उजेडाकडे फिरवला, आणि एकदम हसला. "बेईमानी केली तुमी! हा तं बदाम हाये. काया बदाम!" बदामाच्या सत्तीवर मी आदल्या रात्री काळं स्केचपेन फिरवलं होतं. लाल रंगावर नीट बसत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं.

युक्ती मूळ माझी नाही. ब्रूनर आणि पोस्टमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1949 साली असेच रंग बदललेले पत्ते विद्यार्थ्यांना क्षणभर दाखवले होते, आणि त्या हुशार पोरांनीही काळ्या बदामाला बिनदिक्कत नेहमीचा पत्ता म्हणून वाचलं होतं. पण पत्त्यांच्या डावातून तुरीच्या ओळीपर्यंत ती आणणं माझं, आणि त्याचं मला बरं वाटतं, हे लपवत नाही.

हसू ओसरल्यावर तो पत्ता हातात घेऊन बराच वेळ गप्प बसला. मीही बोलले नाही. मग म्हणाला, "रोज खेळतो म्या हा पत्ता. काया रंग दिसला का इस्पिक, एवढंच पाह्यलं. बाकीचा पाह्यलाच नाई." थोड्या वेळानं, हळूच: "तुरीतबी असंच होत असन काय?"

हे वाक्य मी बोलले असते तर ते समजावणं ठरलं असतं. तो बोलला, म्हणून वाघ पहिल्यांदा जरा मागे सरकला.

त्या दिवशी मलाही एक गोष्ट लख्ख कळली. मन सुटे तुकडे नाही तर पुरी आकृती पाहतं असं मानणाऱ्या गेस्टाल्ट पंथाच्या वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं 1923 साली लिहिलं की जवळजवळचे, सारखे दिसणारे, एका ओळीत जाणारे तुकडे मन आपोआप एकत्र बांधतं आणि त्यातून आकृती उभी करतं. वाघाचे पट्टे नेमके याच सवयीला चकवायला असतात; त्याचं अंग गवतात तुटून जातं. तरी गुराखी त्याला हेरतो, कारण त्याचं मन तुकडे जोडण्यात तरबेज असतं. आणि चांदण्यात तुरीच्या काड्यांच्या सावल्या पडल्या की तेच तरबेज मन नसलेला वाघ जोडून देतं. कला एकच आहे. वाघाच्या मुलखात राहणाऱ्या माणसात ती नसती, तर त्याची मला जास्त काळजी वाटली असती. दहा वेळा फुकट दचकणं परवडतं. एकदा न दचकणं परवडत नाही, हे मनाला पक्कं ठाऊक असतं.

दोरीवर साप दिसण्याचा दाखला आपल्याकडे वेदान्तात फार जुना आहे. पण तिथं तो जग मिथ्या ठरवायला येतो. माझ्याकडे येणाऱ्यांच्या वावरात साप खरेच असतात, त्यामुळे मला तो दाखला वापरताना जपावं लागतं.

पुढचं काम व्यवहाराचं होतं. अंधारात डोळा कसा चालतो ते त्याला सांगितलं. नजरेच्या अगदी मध्यावर अंधारात पाहणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून एखाद्या काळ्या आकाराकडे टक लावली की तो विरतो, पुन्हा येतो, हलल्यासारखा वाटतो. थोडं बाजूला पाहिलं तर नीट दिसतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास तरी लागतो आणि बॅटरीचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. चमकणारे डोळे दिसले म्हणजे वाघच असं नाही. गाय, रोही, मांजर सगळ्यांचे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा थर असतो. डुकराच्या डोळ्यात तो नसतो. हे ऐकून तो म्हणाला, "हे खरं हाये, डुकराचे नाई चमकत," आणि त्यानंतर माझ्या बाकी बोलण्यावरही त्याचा विश्वास बसला असावा.

दिवसा जाऊन वाघ "बसतो" ती जागा त्यानं पाहिली. एक वाकडं खोड आणि त्यामागं दाट तूर. तोडू नका म्हटलं, खुणेला राहू द्या. जागलीला शेजारच्या वावरातल्या माणसाची सोबत घेतली, झोप दिवसा भरून काढायला लागला. सलग जागरणानं मनाची जोडाजोडी फार सैल होते, हे लोक विसरतात. वाघ अजूनही कधीकधी दिसतो. तो म्हणतो, "दिसते, मंग मी पाह्यतो." एवढं पुरे.

घरच्यांनी काय करावं? हसू नये, आणि हो ला होही करू नये. "काय दिसलं, किती दिसलं" असं विचारावं. वारलेल्या माणसाची चाहूल लागते म्हणणाऱ्या बाईला तर मुळीच गप्प करू नये. 1971 साली वेल्समधल्या ड्यूई रीस या डॉक्टरांनी 293 विधवा-विधुरांना विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांना जोडीदार आसपास असल्यासारखं वाटलेलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आपल्या गावातली आजीही ते पदरात बांधूनच ठेवते.

मात्र काही वेळा माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नये. आवाज हुकूम देत असतील, भर उजेडात, जवळ जाऊन पाहिल्यावरही माणूस आपल्या म्हणण्यावरून तसूभर हलत नसेल, ताप असेल, म्हाताऱ्या माणसाला अचानक सुरू झालं असेल, किंवा रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली आणि दोन-तीन दिवसांत हात कापत नाही नाही ते दिसू लागलं असेल. हे शेवटचं तर जिवावर बेततं. रात्रीबेरात्री विचारायचं असेल तर 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फुकट क्रमांक आहे, पण दारू सुटलेल्या माणसाच्या बाबतीत फोन करत बसू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा. मी नंतर आहेच.