तुमचे प्रश्न : फुली कधी दिसेनाशी होते?

प्रश्न : सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या प्रयोगात शंकुपात्राखाली कागदावर काढलेली फुली दिसेनाशी व्हायला सकाळच्या तुकडीला 50 सेकंद लागले, दुपारच्या तुकडीला 38. द्रावणं तीच, मापं तीच. मग चुकलं कुणाचं?
– एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : बहुधा कुणाचंच नाही. या अभिक्रियेचा वेग दर 10 अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो. त्या हिशेबाने द्रावण 4 अंशांनी तापलं, की 50 चे 38 सेकंद होतात. म्हणून आम्ल ओतल्यावर मिश्रणाचंच तापमान घ्या आणि वेळेशेजारी लिहायला लावा.

तरीही आकडे जुळेनात तर पात्रं बघा. फुली झाकतं ते तयार होणारं गंधक. मागच्या खेपेचं गंधक तळाला चिकटलेलं असेल तर पुढची फुली लवकर जाते. पात्र लगेच ब्रशने घासावं. वाळल्यावर गंधक निघता निघत नाही. पात्रं एकाच मापाची हवीत, कारण द्रवाची खोली बदलली की फुली झाकायला लागणारं गंधकही बदलतं.

संहती, म्हणजे द्रावणाची तीव्रता, बदलताना सर्रास होणारी चूक म्हणजे थायोसल्फेट कमी घ्यायचं आणि पाणी घालायचंच नाही. असं केलं तर थायोसल्फेट हवं तेवढं विरल होतच नाही, कमी होते ती द्रवाची खोली. 6.2 ग्रॅम स्फटिकी हायपो (म्हणजे सोडियम थायोसल्फेटच) उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून 250 मिलि करा, हे 0.1 मोलर झालं. त्यातलं 50, 40, 30, 20, 10 मिलि घ्या, दर वेळी पाण्याने 50 मिलि भरा आणि शेवटी 1 मोलर आम्ल 5 मिलि. आलेखात वेळ नको, 1 भागिले वेळ (म्हणजे वेगाचं माप) मांडा. रेघ बरीचशी सरळ येते.

सल्फर डायऑक्साइड सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि दम्याचं मूल लांब. वेळ मोजून झाली की मिश्रण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ओता. 50 अंशांपुढे तापवू नका.

प्रश्न : शहाबादी फरशीचा (म्हणजे चुनखडीचा) बारीक चुरा घेतला, तरी विरल सल्फ्युरिक आम्लात फेस लवकरच मंदावला. असं का?

उत्तर : चुऱ्यामुळे पृष्ठभाग वाढतो हे खरं, पण इथे तयार होणारं कॅल्शिअम सल्फेट पाण्यात फारसं विरघळत नाही. त्याचा थर कणांवर बसतो आणि आम्ल आत पोचत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरा. कॅल्शिअम क्लोराइड विरघळून जातं आणि पृष्ठभाग उघडा राहतो.