वाचकांचे प्रश्न : ‘इन रॉक’ की ‘मशीन हेड’?

प्रश्न : आम्ही चार-पाच जण डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे वेडे. रविवारी जमलो की वाद एकच, त्यांचा ‘इन रॉक’ अल्बम भारी की ‘मशीन हेड’? पोट्टे ऐकूनच घेत नाहीत. निकाल लावा. (धरमपेठ)

उत्तर : आमचं मत ‘इन रॉक’ला. दोन्हींत गाणी सात-सातच. पण लोकप्रिय गाण्यांची मोजदाद केलीत तर ‘मशीन हेड’च जिंकणार, ‘हायवे स्टार’, ‘स्मोक ऑन द वॉटर’, ‘लेझी’ आणि ‘स्पेस ट्रकिन’ एकाच अल्बममध्ये म्हटल्यावर दुसरं काय होणार? म्हणून मोजायचंच तर बँडचा नाद, म्हणजे साउंड, मोजा. सप्टेंबर १९६९ मध्ये यांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपल्या ऑर्गनवादक जॉन लॉर्डची रचना ऑर्केस्ट्राबरोबर वाजवली आणि लोक त्यांना ऑर्केस्ट्रावाला बँड समजू लागले. गिटारवादक ब्लॅकमोरला ते खपलं नाही. जून १९७० चा ‘इन रॉक’ हे त्याचं उत्तर. ‘हार्ड लव्हिन मॅन’ ऐका : ऑर्गन इतका फाटका, कर्कश लागलाय की कुठे गिटार संपते नि कुठे ऑर्गन सुरू होतो, ते क्षणभर कळत नाही. गायक गिलनचा आवाज हवा असेल तर ‘चाइल्ड इन टाइम’. त्याची मूळ ऑर्गन-धून ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या अमेरिकन बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’वरून घेतलेली आहे, हे मात्र विरोधी पक्षाला आपणहून सांगू नका.

‘मशीन हेड’चा नाद कोरडा, आटोपशीर आहे. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोमधला कॅसिनो जळाला, तिथलं ठरलेलं रेकॉर्डिंग बुडालं. शेवटी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून काम झालं. रेकॉर्डिंगची यंत्रं बाहेर उभ्या गाडीत होती. तिथवर जायचं तर खोल्या-बाल्कन्या ओलांडाव्या लागत, म्हणून वाजवलेलं परत ऐकायला जाणंच त्यांनी सोडून दिलं.

वाद घालण्याआधी एवढं करा : दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेल असा जुळवून घ्या. नवी रीमास्टर (जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज नव्यानं सुधारलेली) प्रत जोरात वाजते आणि जोरात वाजणारं नेहमीच सरस वाटतं. मोबाइलवर ऐकत असाल तर नावाखालचं वर्षही बघा. ‘मशीन हेड’च्या १९९७ च्या आवृत्तीत बासवादक रॉजर ग्लोव्हरनं नव्यानं केलेलं मिक्सही आहे, त्यात वाद्यांचा तोल मुळाहून वेगळा. एकानं जुनं, दुसऱ्यानं नवं ऐकलेलं असेल तर वाद अल्बमचा उरतच नाही.

प्रश्न : ‘मेड इन जपान’ लाइव्ह आहे म्हणून यादीतून बाद करावा का? (सदर)

उत्तर : मुळीच नाही. १५ ते १७ ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियोतल्या तीन मैफिली. ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथे सुमारे २० मिनिटांचं. एकच अल्बम घ्यायचा असेल तर हाच घ्या.

प्रश्न : माझ्या ‘फायरबॉल’ अल्बममध्ये ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ आहे, मित्राच्या प्रतीत नाही. माझी प्रत नकली आहे का? (महाल)

उत्तर : नाही. तुमची अमेरिकन यादी, मित्राची ब्रिटिश. त्याच्याकडे त्या जागी ‘डीमन्स आय’ असेल.

प्रश्न : ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात कीबोर्डवर वाजवतो, पण ती बरोबर वाटत नाही. काय चुकतं? (प्रतापनगर)

उत्तर : बहुतेक तुम्ही सा-प अशी जोडी धरता. इथे उलट आहे; सा वर आणि त्याखाली मंद्र प. नेहमीची पट्टी सोडा, सा म्हणजे जी (पांढरी पाच) धरा. वरची ओळ : सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. प्रत्येक स्वराखाली त्याची जोडी : साखाली मंद्र प, कोमल ग खाली मंद्र कोमल नि, म खाली सा, तीव्र म खाली कोमल रे. गिटारवर डी आणि जी या दोन तारा एकत्र : ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-०. पिक (तार छेडायची पट्टी) नको, दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम खेचा. पिकनं एकीनंतर दुसरी वाजते आणि ठोसा जातो. डिस्टॉर्शनही (आवाजाचा फाटकेपणा) कमी ठेवा, नाहीतर सगळा गाळ होतो.

प्रश्न : जुन्या एलपी वाकल्या आहेत. (इतवारी)

उत्तर : आपल्या मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत आणि उन्हातल्या गाडीत एलपी ठेवूच नये. आडवा ढीग नको. उभ्या ठेवा, पण तिरक्या टेकवू नका. आणि रॅक कूलरच्या झोतासमोर नको. दमट हवेनं कव्हरला बुरशी येते. थोडी वाकलेली तबकडी वाजते; सुई उडत असेल तर नाणं ठेवून वजन वाढवू नका, खाचा कायमच्या झिजतात.