कपाट रिकामं करण्याआधी कॉपीराइटचं पान बघा

थांबा. खोक्यात भरलेली पुस्तकं आधी परत फळीवर लावा आणि मग हे वाचा.

तुम्ही लिहिलंय की शाळेत असताना 'द व्हॅम्पायर डायरीज' ही व्हॅम्पायर-प्रेमकथांची पुस्तकमालिका म्हणजे जीव की प्राण होती. मध्ये बरीच वर्षं गेली, आता हौसेने सगळे भाग ओळीने वाचायला घेतले आणि आठव्या पुस्तकापाशी अडलात. नायिका एलेना एलेनासारखी बोलत नाही, व्हॅम्पायर डेमन भलताच कुणीतरी वाटतो. त्यावरून तुम्ही ठरवलंत की आपलंच वय झालं, हा कोवळ्या वयातला नाद होता, आता सगळं देऊन टाकावं. ते शेवटचं वाक्य वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. हे सगळं मी करून बसलेय. देऊन टाकण्यासकट.

मालिका कोणत्या क्रमाने वाचायची वगैरे सांगत नाही, तुम्ही मुरलेल्या वाचक दिसता. मुद्दा एवढाच आहे की ते आठवं पुस्तक मूळ लेखिका एल. जे. स्मिथबाईंनी लिहिलेलंच नाही.

ही मालिका मुळात त्यांच्याकडून कंत्राटावर लिहून घेतलेली. पहिलं पुस्तक 1991 चं. लेखन बाईंचं, पण एलेना, नायक स्टेफन आणि त्याचा भाऊ डेमन या पात्रांवरचे हक्क त्यांच्याकडे नव्हते. चार पुस्तकं झाली आणि गाडी कित्येक वर्षं थांबली. 2009 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, त्याच वर्षी टीव्हीवरची मालिकाही आली. बाईंनी आणखी तीन पुस्तकं लिहिली, म्हणजे एकूण सात. आणि 2011 मध्ये त्यांना त्यांच्याच मालिकेवरून काढून टाकलं. पुढचे भाग दुसऱ्यांनी लिहिले, मालिकेचं नाव तेच राहिलं. तुम्ही आठव्यात ठेचकाळलात म्हणजे तुमचा कान शाबूत आहे. वयाचा यात काही संबंध नाही.

आता माझी शोभा ऐका. 2012 मधली गोष्ट. पहिली सात पुस्तकं माझ्याकडे छापील होती, आठवं मी ई-पुस्तक म्हणून घेतलं. पन्नासेक पानांतच चिडचिड सुरू झाली. वाक्यं गुळगुळीत, प्रत्येकजण आपल्या भावना नीट समजावून सांगतोय, पूर्वीचा तो ताप कुठेच नाही. पहिल्या पुस्तकांत सगळं अर्धवट, धुक्यातलं असायचं. इथे जणू ट्यूबलाइट लावलेली. तरी मी नेटाने शेवटपर्यंत वाचलं, कारण मालिकेच्या ओळीत त्याला पुढचा आकडा होता आणि आकड्यावर माझा आंधळा विश्वास. मग एका वाचनगटात स्मिथबाईंच्या नावाने लांबलचक टीका ठोकली. तुम्ही पैशासाठी लिहायला लागलात, तुम्हाला तुमचीच पात्रं आठवत नाहीत, वाचकांचा विश्वासघात केलात... तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं.

ते लिहायच्या आधी मी त्या ई-पुस्तकविक्रेत्याच्या मदतकक्षालाही विचारलं होतं. आजही आठवलं की हसू येतं, तेव्हा मात्र रडू आलं होतं. माझा प्रश्न साधा होता: हे पुस्तक खरंच मूळ लेखिकेचं आहे का, आणि नसेल तर तसं विक्रीच्या पानावर का लिहिलं नाही? पहिलं उत्तर आलं की अ‍ॅप काढून पुन्हा टाका. मी तोच प्रश्न परत पाठवला. दुसरं उत्तर आलं, कोणती पानं दिसत नाहीत त्यांचे क्रमांक कळवा. मी लिहिलं, पानं सगळी दिसतात, दु:ख तेच आहे. तिसऱ्या उत्तरात सही करणाऱ्याचं नाव बदललेलं, मजकूर असा की लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर आहे, आणि पुस्तक पूर्ण वाचलेलं असल्याने पैसे परत मिळणार नाहीत. पैसे मी मागितलेच नव्हते! चौथ्यांदा लिहिलं तर तक्रार 'निकाली' निघाल्याचा निरोप आला आणि वर समाधानाचे तारे द्यायची विनंती. त्यातल्या एकाही माणसाने पुस्तकाची सुरुवातीची चार पानं उघडून बघितली नाहीत. पण खरं सांगायचं तर मी तरी कुठे बघितली होती? ई-पुस्तक उघडलं की थेट पहिल्या प्रकरणावर येतं, मागे सरकवायची तसदी मी घेतली नाही. मुखपृष्ठाचा हवाला मदतकक्षाने दिला आणि मी मुकाट मान्य केला.

त्या रागाच्या भरात, माझी टीका अजून ताजी असताना, मी स्मिथबाईंची सगळी पुस्तकं खोक्यात भरून देणगीत दिली. सात ही, तीन 'द सिक्रेट सर्कल'ची आणि नऊ 'नाइट वर्ल्ड'ची. एकोणीस. त्यातली नाइट वर्ल्डची जुन्या आवृत्तीतली, सुटी, सडपातळ पुस्तकं होती. तीच तीन-तीन एकत्र बांधूनही निघालीत, ती मी नंतर विकत घेतली देखील. पण पंधराव्या वर्षी समासात पेन्सिलीने लिहिलेल्या माझ्या टिपा त्यांत कुठून येणार? 'हा खोटं बोलतोय', 'हिने आता पळायला हवं', 'हे पान आईला दाखवायचं नाही'.

खोकं गेल्यावर आठवड्याने त्या टीकेखाली कुणीतरी एक ओळ लिहून गेलं होतं: हे तिने लिहिलेलं नाही, तिला गेल्या वर्षीच काढलंय. बस. मी टीका पुसली, पण तोवर दहाबारा जणांनी 'अगदी अगदी' म्हणून पुढे पाठवली होती. जिचं लेकरू काढून घेतलं तिलाच मी वाईट आई म्हणून आले होते.

पुढचं तुम्हाला कदाचित माहीत नसेल. 2014 मध्ये बाईंनी ही कथा आपल्या मनाप्रमाणे पुढे लिहिली, पण कशी, तर फॅन फिक्शन म्हणून, म्हणजे चाहते आवडत्या पात्रांवर गोष्टी लिहितात तशी! चाहत्यांना परवाना घेऊन लिहू देणारं एक ऑनलाइन दालन तेव्हा होतं, तिथे मूळ लेखिकेने चाहत्यांच्या रांगेत उभं राहून आपल्याच पात्रांवर लिहिलं. ते दालनही 2018 मध्ये बंद झालं. आणि मार्च 2025 मध्ये बाई गेल्या. क्षमा मागायचं पत्र मी मनात किती वेळा लिहिलं असेल, पाठवलं एकदाही नाही.

तर सल्ला. (मी वकील नाही, प्रकाशनात नोकरीही केलेली नाही, नुसती वाचक आहे, त्यामुळे हे चिमूटभर मिठासोबतच घ्या.) लांबलेल्या मालिकेतलं पुढचं पुस्तक घेण्याआधी आतलं शीर्षकपान आणि कॉपीराइटचं पान बघा. कॉपीराइट एकट्या लेखिकेच्या नावावर असेल तर बहुधा निर्धास्त राहा. तिच्या नावाच्या जागी किंवा जोडीला कंपनीचं नाव असेल, लेखिकेच्या नावाआधी 'निर्मिती' अशा अर्थाचा बारीक शब्द असेल, किंवा आत कुठे तिसऱ्याच माणसाचे 'विशेष आभार' मानलेले असतील, तर कान टवकारा. याचा अर्थ पुस्तक वाईटच असेल असं नाही. तरुण वाचकांसाठीच्या कितीतरी मालिका अशाच कंत्राटी कारखान्यातून निघाल्यात, ही सुद्धा मुळात त्यातलीच आणि तरी पहिली चार पुस्तकं झपाटून टाकतात. फक्त हात बदललाय हे माहीत असलं की आपण स्वत:ला किंवा भलत्याच बाईला दोष देत नाही.

आता 'वय झालं' या शंकेबद्दल. ती तपासायची एकच रीत मला माहीत आहे: बिघडलेलं पुस्तक बाजूला ठेवून पहिलं पुन्हा वाचायचं. मी वाचलं. अर्धं टिकलं, अर्धं नाही. शेकडो वर्षांचा नायक शाळकरी मुलीच्या प्रेमात पडतो तेव्हा त्याला बोलायला दुसरा विषय तरी काय असेल, हा प्रश्न पंधराव्या वर्षी पडला नव्हता, आता पडतो. नायक रात्री खोलीत शिरून नायिकेला झोपलेली बघत बसतो, ही या प्रकारातली लाडकी खोड आहे. पूर्वी अंगावर शहारा यायचा, आता म्हणते आधी खिडकीला कडी लाव बाई. पण कुणीतरी आपल्याला इतकं बघावं, इतकं ओळखावं की जीव धोक्यात येईल, ही जी ओढ आहे ती तशीच लागते. ती कमी झाली असती तर मी म्हटलं असतं द्या पुस्तकं. पहिलं पुस्तक वाचूनही काहीच हललं नाही तर मग खरंच वय झालं असेल, तेव्हा माझं ऐकू नका. आणि तुम्हाला हसणाऱ्यांचं म्हणाल तर हे लोक भुताखेतांचे सिनेमे रात्र जागून बघतात, त्यात दोघांचं प्रेम जमलं की मात्र लगेच पोरकट.

वाचायला काय घ्यावं असंही विचारलंय. 2005 मध्ये 'ट्वायलाइट' ही व्हॅम्पायर-प्रेमकथा आल्यानंतरच्या चारपाच वर्षांत या प्रकाराचा पूर आला होता. काळी मुखपृष्ठं, पडलेले देवदूत, लांडगे, शापित घराणी. बरंचसं एकमेकांची नक्कल. माझ्या मते दोन नक्की तरतात. एक रिशेल मीडची 'व्हॅम्पायर अकॅडमी'. सहा पुस्तकं, 2007 ते 2010, सगळी एकाच हातची आणि पूर्ण. रोझ अर्धी व्हॅम्पायर, तिचं काम मैत्रीण लिसाचं रक्षण करणं. प्रेमप्रकरण आहेच, पण या मालिकेचा कणा दोन मुलींची मैत्री आहे. तिच्या पुढची 'ब्लडलाइन्स' आधी वाचू नका, पहिल्या सहांचं सगळं फोडून ठेवते. दुसरं मॅगी स्टीफव्हॅटरचं 'शिव्हर', 2009 चं. थंडी पडली की मुलगा लांडगा होतो, ऊब आली की माणूस, आणि दर हिवाळ्यानंतर माणूस होण्याचे दिवस कमी होत जातात. प्रकरणांच्या डोक्यावर त्या वेळचं तापमान दिलेलं असतं; आकडा खाली गेला की आपल्याच पोटात गोळा येतो. शक्य असेल तर जुनी बांधीव अमेरिकन प्रत मिळवा, तिच्यातला मजकूर निळ्या शाईत छापलाय.

अवांतर: मालिका सुरू करण्याआधी शेवटचं पुस्तक निघालंय का ते बघा. ही अक्कल मला नाइट वर्ल्डने शिकवली. 1996 ते 1998 मध्ये नऊ पुस्तकं धडाधड आली. कथेतला प्रलय सहस्रकाच्या शेवटी येणार होता, तो रोखणाऱ्या चार शक्तींपैकी तीन सापडल्या होत्या, चौथी दहाव्यात. सहस्रक उलटलं, दहावं आलं नाही. नाव जाहीर झालेलं, 'स्ट्रेंज फेट'. बाई गेल्या तोवरही ते आलं नव्हतं. यात मी बाईंनाही थोडं रागावते, मेलेल्या माणसाला रागावू नये म्हणतात तरी. पण तेच पुस्तक आता दुसऱ्या कुणी लिहून छापलं तर मी हात लावणार नाही. बहुतेक. निदान कॉपीराइटचं पान तरी नक्की बघेन.

अजून एक अवांतर: आवडती पुस्तकं छापीलच ठेवा. ई-पुस्तक म्हणजे बहुतेक ठिकाणी वाचण्याचा परवाना असतो, मालकी नव्हे. मदतकक्षाशी बोलायची वेळ आली की हा फरक चांगलाच कळतो.

तुमच्या आठव्या पुस्तकाचं म्हणाल तर खूण घालून तिथेच सोडा. सातव्यावर थांबायचं की चौथ्यावर, यावरून माझं आणि माझ्या बहिणीचं अजून वाजतं. ती चौथ्यावर ठाम आहे, मी सातव्यावर, पण सातव्यातल्या शेवटच्या शंभर पानांबद्दल मला विचारू नका.

आणि त्या खोक्यात नाइट वर्ल्डची सुटी, जुनी पुस्तकं असतील, त्यांच्या समासात कुणा पंधरा वर्षांच्या मुलीने पेन्सिलीने काही खरडलेलं असेल, तर मला कळवा. नाही, राहू द्या, कळवू नका. मी मागून घेईन.