‘पूर्वाश्रमीचे’ कोण आणि ‘पूर्वचारित्र्य’ कोणाचे?

परभणी जिल्ह्यातील एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. काही वर्षांपूर्वी गावाजवळ झालेल्या रस्ता रोको आंदोलनाच्या गुन्ह्यात त्यांच्या भाच्याचे नाव आले. पुढे एका सरकारी भरतीत त्याची निवड झाली, पण ‘पूर्वचारित्र्य पडताळणी’त ते नाव निघाले, नियुक्ती अडली आणि गावात त्याला ‘गुन्हेगारी पार्श्वभूमीचा’ म्हणू लागले. त्याच सुमारास निवडणुकीच्या बातम्यांत एका उमेदवाराची ओळख ‘पूर्वाश्रमीचे अमुक पक्षाचे धडाडीचे कार्यकर्ते’ अशी छापून आली होती. त्यांच्यावर याहून कितीतरी गंभीर गुन्हे दाखल असूनही त्यांचा उल्लेख ‘काही राजकीय गुन्हे’ एवढ्यावरच आटोपला होता. भगिनींनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. दोन्ही शब्दांत ‘पूर्व’ असताना एकाने माणूस अडकतो आणि दुसऱ्याने सुटतो, हे कसे? आणि ज्याच्यावर गुन्हा नुसता दाखल आहे, त्याला ‘गुन्हेगार’ म्हणणे मराठीत बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते निःसंदिग्ध आहे: बरोबर नाही. ‘गुन्हा’ हा शब्द फारसीतील ‘गुनाह’वरून आला असून तेथे त्याचा मूळ अर्थ पाप असा आहे. ‘गार’ हा करणारा दाखवणारा प्रत्यय आहे. मदत करणारा तो मददगार, सेवा करणारा तो खिदमतगार, तसा गुन्हा करणारा तो गुन्हेगार. मराठीने हा शब्द धर्माच्या क्षेत्रातून फौजदारीच्या क्षेत्रात आणला, तरी प्रत्ययाचा अर्थ बदलला नाही. ज्याने गुन्हा केल्याचे न्यायालयात ठरले आहे तोच गुन्हेगार. ज्याने तो केला असे कोणी म्हणत आहे तो आरोपी. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील कचेऱ्यांचा आणि न्यायालयांचा कारभार उर्दूत चालत असे, आणि त्या कारभारात ‘मुलजिम’ आणि ‘मुजरिम’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवलेले होते: मुलजिम म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, आणि मुजरिम म्हणजे ज्याच्यावर जुर्म शाबीत झाला आहे तो. मराठी कायद्याच्या परिभाषेतही दोषसिद्धी हा स्वतंत्र शब्द आहे आणि तुरुंगाच्या कागदपत्रांत न्यायाधीन बंदी व सिद्धदोष बंदी असे दोन वर्ग आहेत. कागदपत्रे सोडा, बोलीतसुद्धा ‘कच्चा कैदी’ आणि ‘पक्का कैदी’ हा भेद शाळा न शिकलेला माणूसही अचूक करतो. म्हणजे भाषेकडे शब्द आहेत. ते सर्वांसाठी सारखे वापरले जात नाहीत, ही अडचण आहे.

‘गुन्हा दाखल झाला’ या शब्दप्रयोगातच गैरसमजाचे मूळ आहे असे मला वाटते. ‘दाखल’ म्हणजे आत आलेला, नोंदीत आलेला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती देणारी तक्रार पोलीस ठाण्यात आली की ती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे दाखल होते ती खबर. त्यानंतर तपास, आरोपपत्र, आरोपनिश्चिती, साक्षीपुरावे आणि निकाल एवढा मार्ग उरलेला असतो. परंतु वाक्यात कर्त्याच्या जागी ‘गुन्हा’ बसल्यामुळे ऐकणाऱ्याला गुन्हा घडल्याचेच सांगितले गेले असे वाटते. आपल्याकडे ‘त्याच्यावर केस पडली’ किंवा ‘त्याचं नाव आलं’ असे म्हणतात. हे बोलीतले प्रयोग छापील ‘गुन्हा दाखल’पेक्षा वस्तुस्थितीला अधिक धरून आहेत.

आता ‘पूर्व’ या शब्दाविषयी. ‘चारित्र्य’ हा शब्द ‘चर्’ म्हणजे चालणे, वागणे या धातूपासून आलेला आहे. म्हणून आपण ‘चालचलन’ हाही शब्द त्याच अर्थाने वापरतो. पूर्वचारित्र्य म्हणजे आजवरचे वागणे. सरकारी नोकरीत निवड झालेल्या उमेदवाराला साक्षांकन नमुन्यात स्वतःवरील अटक, खटला, शिक्षा यांची माहिती द्यावी लागते आणि पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडून ती पडताळली जाते. सुरक्षारक्षकाच्या खासगी नोकरीसाठीसुद्धा आता चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. माणसाच्या आजवरच्या वागण्याला चारित्र्य असे व्यापक नाव द्यायचे आणि प्रत्यक्षात ते पोलीस ठाण्यातील नोंदीवरून मोजायचे, यात शब्दावरही अन्याय आहे आणि माणसावरही. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये माहिती लपवण्याविषयी आणि खरी माहिती देण्याविषयी सविस्तर तत्त्वे घालून दिली. तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब असेल तर ती लपवली असली तरी नियुक्ती करणाऱ्याला तिकडे दुर्लक्ष करता येईल, असे त्या निकालात म्हटले आहे. पण उमेदवाराने सर्व काही खरे सांगितले तरी त्याचे पूर्वचारित्र्य विचारात घेण्याचा अधिकार नियुक्ती करणाऱ्याकडे राहतो, हेही त्याच निकालात आहे. भाच्याचे घोडे नेमके येथे अडले असावे.

‘पूर्वाश्रमीचा’ हा शब्द मुळात संन्याशाचा आहे. संन्यास घेताना माणूस आपले नाव, गोत्र, घर, नाती सर्व मागे ठेवतो, काही परंपरांत स्वतःचे श्राद्धही करतो, आणि त्यानंतर त्याच्या आधीच्या आयुष्याचा उल्लेख करायचाच झाला तर तो पूर्वाश्रमीचा म्हणून होतो. या शब्दाचे सर्वांत शुद्ध उदाहरण मराठवाड्यातच आहे: स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. येथे शब्द पूर्ण अर्थाने लागू पडतो, कारण त्या माणसाने खरोखर काही सोडले होते. बातम्यांनी तो पक्ष बदलणाऱ्यांसाठी वापरायला सुरुवात केली आणि हळूहळू ‘पूर्वी’ या साध्या क्रियाविशेषणाची जागा त्याने घेतली. शब्दाचा अर्थ असा विस्तारतो, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती शब्दासोबत येणाऱ्या भावनेला. ज्याचा भूतकाळ ‘पूर्वाश्रम’ झाला, त्याने तो मागे टाकला असे वाचक गृहीत धरतो. ज्याचा भूतकाळ ‘पार्श्वभूमी’ झाला, त्याच्या चित्रात ती कायम मागे उभी राहते. नेत्याने संपत्ती, पद, माणसे, खटले यांपैकी काहीही सोडलेले नसताना त्याला संन्याशाचा शब्द मिळतो आणि ज्या मुलाने एकदा रस्त्यावर बसण्याखेरीज काही केलेले नाही, त्याचे मात्र चारित्र्य तपासले जाते.

कायद्यात हा भेद किती खोलवर आहे तेही पाहावे लागेल, कारण भाषा अनेकदा त्याच्याच मागून चालते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ८ प्रमाणे साधारणपणे दोन वर्षे किंवा अधिक कारावासाची शिक्षा झाली तरच अपात्रता येते. ती शिक्षेच्या दिवसापासून सुटकेनंतर सहा वर्षांपर्यंत राहते. पदावर असलेल्या खासदार-आमदारांना अपील करून पद टिकवण्याची जी सवलत याच कलमात होती, ती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये लिली थॉमस प्रकरणात रद्द केली. नुसता खटला प्रलंबित असेल तर उमेदवाराने तो नमुना २६ मधील शपथपत्रात लिहायचा आणि वर्तमानपत्रात जाहीर करायचा. त्यामुळे उमेदवारी अर्ज बाद होत नाही. याउलट महाराष्ट्रातील तलाठी, ग्रामसेवक किंवा जिल्हा परिषदेचा शिक्षक ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला की तो आपोआप निलंबित मानला जातो. या निलंबनाला कार्यालयीन मराठीत ‘मानीव निलंबन’ असे नाव आहे. मंत्र्याला सलग ३० दिवस अटकेत राहिल्यावर पदावरून दूर करण्याची तरतूद असलेले घटनादुरुस्ती विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि ते संयुक्त समितीकडे पाठवले गेले. एकीकडे ४८ तास, दुसरीकडे ३० दिवसांचा केवळ प्रस्ताव. आणखी एक विसंगती मला फार बोचते: कच्च्या कैद्याला तुरुंगातून मतदान करता येत नाही, पण २०१३ च्या दुरुस्तीमुळे त्याला तेथूनच निवडणूक लढवता येते.

‘राजकीय गुन्हे’ या शब्दप्रयोगाबद्दल थोडे सावधपणे बोलले पाहिजे, कारण त्याला आपल्या भागात मानाचा इतिहास आहे. १९३८ च्या सत्याग्रहापासून हैदराबाद मुक्तिसंग्राम संपेपर्यंत मराठवाड्यातील कित्येकांना निजामाच्या सरकारने गुन्हेगार ठरवून तुरुंगात टाकले, आणि लोकांनी त्यांना राजबंदी म्हटले. पाणी, विद्यापीठ, रेल्वे, आरक्षण अशा प्रश्नांवर रस्त्यावर उतरलेल्यांवर पुढेही गुन्हे दाखल होत राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील लाठीमारानंतर आंदोलकांवरील गुन्हे मागे घेण्याची मागणी या भागात सर्वत्र झाली, ती याच परंपरेतील आहे. मागणीसाठी केलेल्या शांततामय आंदोलनातील गुन्ह्याला राजकीय किंवा आंदोलनातील गुन्हा म्हणणे योग्यच आहे. मात्र जमिनीचा ताबा, खंडणी, मारहाण, निवडणुकीतील दहशत यांतले गुन्हे करणारा माणूस राजकारणात आहे म्हणून ते गुन्हे राजकीय होत नाहीत. विशेषण गुन्ह्याच्या हेतूला लागले पाहिजे. ते आरोपीच्या व्यवसायाला लागते आहे, आणि भाचा राजकारणात नसल्यामुळे त्याच्या खऱ्याखुऱ्या राजकीय गुन्ह्याला ते मिळत नाही.

हा पक्षपात नामांपेक्षा क्रियापदांत जास्त दिसतो. सामान्य आरोपी ‘पसार’ होतो; नेते ‘नॉट रिचेबल’ असतात. सामान्य आरोपीच्या ‘मुसक्या आवळल्या’ जातात, म्हणजे शब्दशः त्याचे हात पाठीमागे बांधले जातात, त्याला ‘बेड्या ठोकल्या’ जातात, तो ‘जेरबंद’ होतो. नेते ‘स्वतःहून हजर’ होतात किंवा त्यांना ‘ताब्यात घेण्यात’ येते. सामान्य माणूस सुटला तर ‘पुराव्याअभावी सुटला’, आणि नेते सुटले तर त्यांना ‘क्लीन चिट मिळाली’, जरी दोन्ही निकालांतील कारण एकच असले तरी. यापेक्षाही सूक्ष्म भेद वचनाचा आहे. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे, आणि बातमीत आरोपीचे नाव येताच सामान्य माणूस ‘तो’ होतो. नेते मात्र आरोपपत्र दाखल झाल्यावरही, कित्येकदा शिक्षा झाल्यावरही ‘ते’ राहतात. दोघांनाही ‘ते’ म्हटले तर काही बिघडणार नाही. आरोप सिद्ध होण्यापूर्वी एकेरीवर येणे हे आपल्या वृत्तभाषेने न्यायालयाच्या आधी दिलेले निकालपत्र आहे, असे मी मानतो.

काहींच्या वाट्याला तर गुन्हा दाखल होण्याआधीच ‘गुन्हेगार’ हा शब्द येतो. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना ‘गुन्हेगार जमाती’ असे सरसकट नाव दिले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्यांना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले. बीड, धाराशिव, लातूर भागात चोरी झाली की आजही पहिला संशय पारधी वस्तीवर जातो, आणि ‘सराईत’ हे विशेषण तेथील माणसाला पुराव्याशिवाय चिकटते. ज्या शब्दाचा ‘गार’ प्रत्यय कृती केल्याशिवाय लागू नये, तो तेथे जन्माने लागतो. नेत्यांच्या बाबतीत दोषसिद्धीची वाट पाहणारी भाषा या माणसांच्या बाबतीत तक्रारीचीही वाट पाहत नाही.

राहिला भाच्याचा प्रश्न, आणि येथे शब्द नेमके वापरण्याला व्यावहारिक महत्त्व आहे. भगिनींनी पत्रात ‘केस मिटली आहे’ असे लिहिले आहे. अर्जात किंवा खुलाशात हे वाक्य लिहू नये, कारण त्यातून किमान चार वेगळे अर्थ निघतात. तपासाअंती पोलिसांनी गुन्हा खोटा असल्याचा अहवाल, म्हणजे ‘ब’ समरी, पाठवली आणि न्यायालयाने ती मंजूर केली, हा एक. तडजोड झाली, हा दुसरा. खटला चालून निर्दोष मुक्तता झाली, हा तिसरा. शासनाने खटला मागे घेण्याचे ठरवले, हा चौथा, आणि सर्वाधिक फसवा. आंदोलनातील गुन्हे मागे घेतल्याची घोषणा झाली म्हणजे खटला संपला असे समजून मुले निर्धास्त राहतात. प्रत्यक्षात सरकारी अभियोक्त्याने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. आजी-माजी खासदार-आमदारांवरील खटले मागे घेण्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागेल असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. म्हणजे या एका बाबतीत नियम नेत्यांसाठी अधिक कडक आहे, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. आरोपनिश्चितीपूर्वी खटला मागे घेतला तर आरोपीला आरोपमुक्त केले जाते, नंतर घेतला तर तो निर्दोष मुक्त ठरतो, आणि या दोहोंपैकी काय झाले ते न्यायालयाच्या आदेशात लिहिलेले असते. तेव्हा त्या आदेशाची प्रमाणित प्रत काढावी आणि खुलाशात गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे, खटल्याचा क्रमांक आणि आदेशाचा दिनांक द्यावा. आदेशातील शब्द जसेच्या तसे उतरवावेत. स्वतःचा उल्लेख ‘आरोपी म्हणून नाव होते’ असा करावा, ‘माझ्यावर गुन्हा होता’ असा करू नये. आदेश अजून झालेला नसेल तर ‘खटला प्रलंबित आहे, दोषसिद्धी नाही’ असे लिहावे.