केवडा बुरशी नाही, मग बुरशी कोण?

तुम्ही विचारलंय की द्राक्षावरचा केवडा (डाऊनी) बुरशी नाही असं आता शिकवतात, मग इतकी वर्षं तो बुरशीत कसा होता आणि अजून काय काय बदलणार?

होता, कारण तो दिसतो बुरशीसारखा. धागे, बीजाणू, पानाखाली पांढरी लव. पण त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असतं, खऱ्या बुरशीची भित्ती कायटिनची. डीएनए तपासल्यावर केवड्याचे भाऊबंद निघाले तपकिरी समुद्री शेवाळ आणि डायटम (पाण्यातली एकपेशीय शैवाळं)! बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याचंही तेच. भुरी (पानांवर पांढरी भुकटी दिसते तो रोग) मात्र अस्सल बुरशी, आणि बुरशीचं नातं वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी जवळचं. बागाईतदाराला हा फरक फवारताना कळतो. हेक्साकोनॅझोलसारखी औषधं अर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशीपटलातला घटक) बनू देत नाहीत. केवड्याचा जीव ते बनवतच नाही, म्हणून त्याच्यावर ती वाया जातात. मेटॅलॅक्झिल उलट केवड्यावर चालतं, भुरीवर नाही.

दुसरी उलथापालथ नावांची. एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगळी नावं द्यायची मुभा होती. द्राक्षाची भुरी अलैंगिक अवस्थेत ओइडियम टकेरी, लैंगिक अवस्थेत अनसिन्युला नेकेटर. 2011 साली मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये (परिषदेत) ही मुभा गेली. एक बुरशी, एक नाव. आता ती एरिसिफे नेकेटर. जुनी पुस्तकं वाचताना डोकं फिरतं ते यामुळेच. झायगोमायकोटा हा अख्खा संघही 2016 मध्ये मोडला. कोविडकाळात गाजलेल्या म्युकरमायकोसिसच्या बुरश्या आता म्युकोरोमायकोटात आहेत.

पण खरी गंमत पुढे आहे. वर्णन झालेल्या प्रजाती साधारण दीड लाख, आणि 2017 चा अंदाज सांगतो 22 ते 38 लाख. मातीतला डीएनए वाचला की अशा बुरश्यांचे ढीगभर क्रम मिळतात ज्या कुणी पाहिल्या नाहीत, वाढवल्या नाहीत. त्यांना नाव द्यायचं कसं? नियमाप्रमाणे नावामागे नमुना लागतो. नुसता डीएनए क्रम नमुना मानावा हा प्रस्ताव 2018 मध्ये प्वेर्तो रिकोतल्या मायकॉलॉजी (बुरशीशास्त्र) काँग्रेसने फेटाळला. माझ्या मते बरंच झालं. यंत्राच्या चुकीने दोन बुरश्यांचे तुकडे जोडले जाऊन न असलेली ‘प्रजाती’ तयार होऊ शकते. तोडगा निघेपर्यंत युनाइटसारख्या डीएनए क्रमांच्या डेटाबेसमधले क्रमांक देऊन काम भागतं. अर्थात लाखो बुरश्या कायम क्रमांकावरच ठेवता येणार नाहीत, हा विरुद्ध बाजूचा मुद्दाही खोटा नाही.

2012 पासून आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशीचा बारकोड मानतात, पण फ्युझेरियम किंवा ॲस्परजिलसमधल्या जवळच्या प्रजाती त्यावर वेगळ्या होत नाहीत. म्हणून आता आणखी जनुकं, आणि परवडेल तिथे पूर्ण जीनोम. तरी जिवंत कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी) हाताशी नसेल तर जीनोम कशाचा काढणार? पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहासारख्या जागांचं महत्त्व त्यामुळे वाढणारच आहे.

परीक्षेसाठी विचारत असाल तर पुस्तकातलं नाव मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरम या बुरशीनावांच्या ऑनलाइन सूचींवर एकदा ताडून घ्या, आणि जुनं नावही लक्षात ठेवा. पेपर काढणारे बहुतेक जुन्याच पुस्तकांतून शिकलेले असतात.