लॅबच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय: नायलॉन बांधायचं की प्लेट बसवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजेंद्र नगर, इंदूर. साडेपाच वर्षांचा लॅब (लॅब्राडोर कुत्रा), वजन ३८ किलो, मागचा उजवा पाय महिनाभर नीट टेकवत नाही. एक डॉक्टर नायलॉनने बांधू म्हणतात, दुसरे हाड कापून प्लेट घालू म्हणतात. आणि घरच्यांचं म्हणणं, फाटलेलं लिगामेंट (गुडघ्यातली दोन हाडं बांधून ठेवणारा तंतूंचा पट्टा) सरळ शिवून का टाकत नाहीत?

शिवत नाहीत, कारण शिवण्याजोगं काही उरलेलं नसतं. माणसाचं हे लिगामेंट बहुधा खेळताना एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं महिनोन्‌महिने झिजतं, धागा धागा सुटत जातं आणि एक दिवस सोफ्यावरून उतरताना उरलेलं तुटतं. त्या भुसभुशीत टोकांत टाका धरत नाही.

दुसरं कारण हाडाच्या घडणीत आहे. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा सपाट नसतो, तो साधारण २२ ते २८ अंशांनी मागे उतरता असतो. पाय टेकला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं, म्हणजेच नडगी पुढे सरकते. ते थोपवण्याचं काम लिगामेंट करत होतं. आता एकतर बाहेरून दोर बांधून नडगी धरून ठेवायची, नाहीतर उतारच कमी करायचा. तुमच्या दोन डॉक्टरांत एवढाच फरक आहे.

नायलॉनच्या पद्धतीत जाड एकेरी तंतू मांडीच्या हाडामागच्या फॅबेला नावाच्या वाटाण्याएवढ्या हाडाला वळसा घालून आणतात, नडगीच्या पुढच्या उंचवट्यात पाडलेल्या छिद्रातून ओवतात आणि गाठीने किंवा धातूच्या क्रिंपने (दाबून बसवायच्या नळीने) आवळतात. पिळाचा धागा टाळलेला बरा. त्याच्या पिळात जंतू शिरले की जखम महिनोन्‌महिने वाहते. फार आवळला तर नडगी बाहेरच्या बाजूला वळते, सैल राहिला तर गुडघा हलतच राहतो. हा दोर जन्मभर टिकावा अशी अपेक्षाच नसते. सहा-आठ आठवड्यांत सांध्याभोवती जाड ऊतक तयार होऊन गुडघा धरू लागतं, तोवर त्याने तग धरायचा. दहा-बारा किलोच्या पॉमेरियनमध्ये हे छान जमतं. (त्या वजनात नुसती विश्रांती आणि वजन कमी करूनही बरीच कुत्री चालती होतात.) ३८ किलोचा लॅब मात्र दाराची बेल वाजली की विश्रांती विसरतो, आणि ऊतक तयार व्हायच्या आत दोर ताणला जातो.

प्लेटच्या शस्त्रक्रियेला टीपीएलओ म्हणतात. अमेरिकेतले पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. आधी गुडघा आणि घोटा दोन्ही ९० अंशांत ठेवून बाजूने एक्स-रे काढतात आणि उतार मोजतात. मग गोलाकार करवतीने नडगीचा माथा कापून फिरवतात, उतार सुमारे ५ अंशांवर आणतात आणि प्लेट-स्क्रूने पक्का करतात. करवत २४ मिलीमीटर त्रिज्येची आणि उतार २५ अंश असेल, तर तुकडा साधारण ८.३ मिलीमीटर फिरवावा लागतो. अशा मोजमापाच्या कामात चुकाही ठरलेल्या असतात. काप पुढे गेला तर समोरचा उंचवटा पातळ राहून नंतर मोडतो. वरचा स्क्रू तिरका गेला तर थेट सांध्यात शिरतो. करवतीवर सलाईनची धार नसेल तर हाड भाजतं आणि जुळायला रडवतं. मागची रक्तवाहिनी गॉज भरून दूर ठेवली नसेल तर रक्तस्राव होतो.

या वजनाला मी टीपीएलओकडेच झुकेन, पण एका अटीवर: करणाऱ्याचा हात त्यात बसलेला हवा. पहिल्यावहिल्या टीपीएलओपेक्षा सवयीच्या हाताने बांधलेलं नायलॉन परवडलं. म्हणून स्पष्ट विचारा: वर्षाला किती करता, कोणत्या मापाच्या करवती आहेत, आठ आठवड्यांनी एक्स-रे काढता का? तुम्हाला राऊवरून महू जवळच आहे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं. दुसरं मत तिथल्या शस्त्रक्रिया विभागातून घेता येईल. जाण्याआधी फोन करून हेच प्रश्न विचारा.

कोणतीही पद्धत निवडा, एक प्रश्न मात्र सोडू नका: ‘मेनिस्कस पाहणार ना?’ सांध्याच्या आतल्या बाजूची ही गादी घसरत्या हाडाखाली सापडून मागच्या टोकाला फाटते. चालताना गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज येत असेल तर तोच संशय. सांधा उघडून किंवा दुर्बिणीने पाहून फाटका भाग काढला नाही, तर वरची शस्त्रक्रिया कितीही सुबक असो, कुत्रा लंगडतच राहतो. मग दोष प्लेटला मिळतो.

शस्त्रक्रियेआधी रक्त तपासताना प्लेटलेट आणि गोचीड तापाची चाचणी करून घ्या. आपल्याकडे गोचीड बारमाही. त्या तापानेही सांधे दुखून कुत्रा लंगडतो, आणि प्लेटलेट कमी असताना चाकू लावणं धोक्याचं. तोवर घरातली कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफेनॅक अजिबात देऊ नका. कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडतं. कोणी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर शल्यचिकित्सकाला आधी सांगा, कारण त्यावर लगेच दुसरी वेदनाशामक चालत नाहीत.

घरी आल्यावरचे आठ आठवडे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे. पहिले तीन दिवस टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर गळ्यातला प्लास्टिकचा कोन काढायचा नाही, रात्री तर नाहीच. शू-शीला नेताना पोटाखाली टॉवेलचा झोळ, पट्टा आखूड, पाच-पाच मिनिटं. (नर असेल तर झोळ थोडा पुढे धरा, नाहीतर शू त्यातच.) मार्बलवर सतरंजी टाकू नका, ती कुत्र्यासकट घसरते; रबरी तळाची मॅट अंथरा. जिना, सोफा, गाडीत उडी, सगळं बंद. बहुतेक कुत्री दोन आठवड्यांत पाय टेकवतात आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. त्याला बरं वाटतं, हाड मात्र जुळलेलं नसतं. एक्स-रेत जुळल्याचं दिसेपर्यंत मोकळं सोडायचं नाही.

वजनाचं गणित आजपासून धरा. लक्ष्य ३० किलो ठेवलं तर दिवसाला सुमारे ९०० किलोकॅलरी. तूप लावलेली एक पोळी शंभराच्या वर जाते, आणि इंदुरात सकाळी पोहे-जिलबी घरात आली की एक जिलबी लॅबच्याही तोंडात जाते, हे काही लपलेलं नाही. ती आधी थांबवा.

आणि डावा गुडघा. एक लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचं पुढच्या एक-दोन वर्षांत दुसरंही जातं. त्याच भुलीत डाव्या गुडघ्याचाही एक्स-रे काढून घ्या, म्हणजे पुढे तुलनेला हाताशी राहील.